मुलाच्या हातात कोणतं पुस्तक द्यावं? वाचनपातळी ओळखण्याची घरच्या घरी करता येणारी पद्धत

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: "चौथीतल्या पोराला कुठलं पुस्तक घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड जातं, कारण 'चौथी' एवढ्यावरून मुलाच्या वाचनाबद्दल फारसं काही कळत नाही. एकाच वर्गात जोडाक्षराला अडखळणारी मुलं असतात आणि 'किशोर'चा अंक एका बैठकीत संपवणारीही असतात. दोघांना एकच पुस्तक दिलं तर पहिलं मूल दोन पानांत कंटाळतं, दुसरं दहा मिनिटांत, आणि घरात मात्र दोघांबद्दल एकच वाक्य ऐकू येतं: "त्याला वाचनाची आवडच नाही."

आवड नसणं आणि पुस्तक चुकणं यात फार फरक आहे. पुस्तक चुकू नये यासाठी जगात काही मोजमापं तयार झाली आहेत. त्यातली आपल्या उपयोगाची कोणती, मराठीला ती कुठं अपुरी पडतात आणि पंधरा मिनिटांत घरच्या घरी मुलाची पातळी कशी बघायची, ते क्रमाने सांगते.

आधी छापील आकडे समजून घ्या

कोल्हापुरात सेमी-इंग्रजी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं आता घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी ऑनलाइन मागवलेल्या पुस्तकांच्या माहितीत '६५०एल' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे लेक्साइल माप. मेटामेट्रिक्स या अमेरिकन संस्थेनं ते तयार केलं. त्यात मुख्यतः दोन गोष्टी बघतात: वाक्यं किती लांब आहेत आणि त्यातले शब्द एरवीच्या लिखाणात किती वेळा भेटतात. मुलाचं माप आणि पुस्तकाचं माप सारखं असेल, तर मुलाला साधारण ७५ टक्के मजकूर समजेल असं गृहीत धरलेलं असतं. मुलाच्या मापापेक्षा १०० ने कमी ते ५० ने जास्त, या टप्प्यातली पुस्तकं त्याला योग्य मानतात. आपल्याकडच्या बहुतेक मुलांची ही चाचणी झालेली नसते. म्हणून आपल्याला हा आकडा दोन पुस्तकांची तुलना करायला वापरता येतो: पोरानं ४००एल चं पुस्तक आनंदानं संपवलं असेल तर पुढचं ४५०एल चं घ्या, थेट ८००एल चं नको.

आकड्याच्या आधी इंग्रजी 'एडी' अक्षरं असतील तर ते पुस्तक मोठ्यांनी वाचून दाखवायचं आहे. चित्रं बघून पाच वर्षांच्या मुलासाठी घेतलेलं पुस्तक त्याला एकट्याला वाचता येत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. 'एचएल' असेल तर विषय मोठ्या मुलांचा आणि भाषा सोपी. वाचनात मागं पडलेल्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी ही दोन अक्षरं मुद्दाम शोधावीत.

दुसरा आकडा दिसतो तो ४.५ किंवा २.८ असा. ही इयत्तेची पातळी. यातलं जुनं सूत्र फ्लेश-किंकेड. ते १९७५ साली अमेरिकन नौदलाच्या तांत्रिक पुस्तिका नौसैनिकांना समजाव्यात म्हणून बसवलं गेलं. एका वाक्यात किती शब्द आणि एका शब्दात किती उच्चारखंड (सिलेबल), एवढाच त्याचा हिशोब. ४.५ म्हणजे अमेरिकेतल्या चौथीच्या पाचव्या महिन्यातलं मूल. ते मूल बहुधा जन्मापासून इंग्रजी ऐकत वाढलेलं असतं. आपल्या कसबा बावड्यातल्या चौथीतल्या मुलीला २.० चं पुस्तक बरोबर बसत असेल, तर ती दोन वर्षं मागं आहे असं अजिबात समजू नका. इंग्रजी तिची शाळेतली भाषा आहे.

तिसरी पद्धत ए ते झेड अक्षरांची, फाउंटस आणि पिनेल या दोन शिक्षणतज्ज्ञांची. ही अक्षरं पुस्तकांना द्यायची आहेत, मुलांना चिकटवायची नाहीत, असं त्या दोघींनीच स्पष्ट सांगितलं आहे. "माझा मुलगा 'जे' लेव्हलचा आहे" ही भाषा घरात आणू नका. मुलं ती लगेच उचलतात आणि बहीण-भावंडांत लावून बघतात.

यातली सूत्रं मजकुराचा आशय बघत नाहीत. लहान लहान वाक्यांत लिहिलेली एखादी कथा दंगलीची किंवा मृत्यूची असू शकते. आकड्याला ती तिसरीची वाटेल, पण ती तिसरीतल्या मुलाची असेलच असं नाही. म्हणून आकडा बघितल्यावरही पुस्तक स्वतः चाळावंच लागतं.

मराठीत अवघड काय असतं?

मराठी पुस्तकांवर असा आकडा नसतो आणि इंग्रजी सूत्रं तशीच लावून चालतही नाहीत. इंग्रजीत रोजचे कितीतरी शब्द एका उच्चारखंडाचे असतात. आपल्याकडं शब्दाला विभक्ती लागते, शब्दयोगी अव्यय लागतं, वर 'ही' नाहीतर 'च' लागतो. 'घर' सोपं, पण 'घरासमोरच्यांनाही' वाचताना मुलाची दमछाक होते. इंग्रजी सूत्राला आपला साधा मजकूरही कठीणच दिसेल.

मी दोन नमुने लिहून दाखवते. पहिला:

"रमा रंकाळ्यावर गेली. तिथं बदक होतं. बदक पाण्यात पोहत होतं. रमा बघत बसली."

चार वाक्यं, तेरा शब्द. म्हणजे वाक्याला सरासरी तीन-सव्वातीन शब्द. जोडाक्षर फक्त दोन शब्दांत. आता दुसरा:

"रंकाळ्याच्या काठावर बसलेल्या रमाला पाण्यात पोहणाऱ्या बदकांच्या थव्यातलं एक पिल्लू मागं पडल्याचं दिसलं आणि ती उठून उभी राहिली."

एकच वाक्य, अठरा शब्द, त्यातल्या आठ शब्दांत जोडाक्षर. यात मुलाला माहीत नसलेला शब्द जवळजवळ एकही नाही. रंकाळा तलाव त्याच्या रोजच्या फिरण्यातला, बदक माहीत, पिल्लू माहीत. तरी दुसरीतलं मूल इथं अडखळेल. 'पोहणाऱ्या', 'थव्यातलं', 'पडल्याचं' हे शब्द फोडून वाचावे लागतात, आणि 'रमाला' वाचल्यापासून 'दिसलं' येईपर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य जितकं लांबतं, तितकं लहान वाचकाला ते पेलणं जड जातं.

यात आणखी भर पडते ती 'च' आणि 'ज' ची. चहातला 'च' आणि चमच्यातला 'च' लिहायला एक, बोलायला दोन. ओळखीच्या शब्दात मूल आपोआप बरोबर म्हणतं. अनोळखी शब्दात थबकतं. घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत तिसरीपर्यंत बऱ्याच मुलांची होते, विशेषतः बारीक छपाईत.

वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांबद्दलही एक लक्षात ठेवा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी छापलेल्या पुस्तकांत 'मुलें', 'घरें', 'कांहीं' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर असतात. आजी-आजोबांना ते वाचताना आनंद होतो, पण नवशिक्या वाचकाला प्रत्येक टिंब एक नवा प्रश्न असतो. अशी पुस्तकं वाचून दाखवा.

मुलाची पातळी बघणं: पंधरा मिनिटांचं काम

पाठ्यपुस्तक घेऊ नका. त्यातले धडे मुलांना ऐकून ऐकून पाठ झालेले असतात आणि ते 'वाचतायत' असा भास होतो. मुलानं कधीच न बघितलेलं गोष्टीचं पुस्तक घ्या. साधारण १०० शब्दांचा उतारा पेन्सिलीनं खूण करून ठेवा. पहिली-दुसरीला ५० शब्द पुरेत.

मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलं की परीक्षा वाटते. "मला ऐकायचंय, वाच की जरा" एवढंच म्हणा. वाचताना चुकलं तर लगेच टोकू नका. तीन-चार सेकंद थांबा. पुष्कळ मुलं स्वतःच मागं येऊन दुरुस्त करतात. तरीही अडलं तर शब्द सांगून टाका आणि पुढं जाऊ द्या. प्रत्येक चुकीला कागदावर एक रेघ.

चूक कशाला म्हणायचं, यावर सगळा हिशोब अवलंबून आहे. शब्द गाळला, दुसराच वाचला, किंवा तुम्हाला सांगावा लागला, तर रेघ मारा. स्वतः सुधारला तर मारू नका. तोच शब्द पुन्हा वाचला तरी नको. एखादं अवघड नाव दहा वेळा चुकलं तर एकदाच मोजा.

कोल्हापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पुस्तकात मुलगी म्हणते, "मी धावत घरी गेले." आपली तिसरीतली पोरगी वाचते, "मी धावत घरी गेलो." ही वाचनातली चूक नाही. आपल्याकडं मुली आणि बायका 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. पोरीनं वाक्य डोळ्यांनी घेतलं, समजून घेतलं आणि आपल्या तोंडच्या मराठीत बाहेर काढलं. 'आहे' चं 'हाय' झालं, 'नाही' चं 'न्हाई' झालं, 'पाणी' चं 'पानी' झालं, तरी तेच. यातून मूल अर्थासकट वाचतंय हे कळतं, आणि त्यासाठी त्याला अडवलं तर ते पुढच्या वेळी अर्थ सोडून नुसती अक्षरं उच्चारायला लागतं. उलट 'घार झाडावर बसली' च्या जागी 'धार झाडावर बसली' असं वाचून मूल न थांबता पुढं गेलं, तर तिथं रेघ मारा. एकाच अक्षराची चूक आहे, पण अर्थ निसटला आणि मुलाला ते जाणवलंही नाही.

आता हिशोब. न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मेरी क्ले यांनी रूढ केलेली विभागणी घरच्या कामाला चांगली पडते. १०० पैकी ९५ किंवा जास्त शब्द बरोबर आले तर पुस्तक मूल एकट्यानं वाचू शकतं. ९० ते ९४ असेल तर कुणीतरी सोबत बसून वाचायचं. ९० च्या खाली असेल तर ते पुस्तक सध्या वाचून दाखवायचं. ५० शब्दांचा उतारा असेल तर चुकांची दुप्पट करून १०० मधून वजा करा.

पण इथं थांबू नका. हे आकडे इंग्रजी वाचणाऱ्या मुलांबरोबर काम करताना ठरलेले आहेत. देवनागरीत जसं लिहिलं तसं बरंचसं वाचता येतं, त्यामुळं बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झालेलं मूल अर्थ न कळताही ९८ शब्द बरोबर म्हणू शकतं. म्हणून पुस्तक मिटून विचारा, "काय झालं, सांग बघू." मूल आपल्या शब्दांत सांगू लागलं की मध्ये बोलू नका. मग तीन प्रश्न: एक गोष्टीत थेट उत्तर असलेला, एक 'का' चा, आणि एक "पुढं काय होईल?" असा. पहिल्याच प्रश्नाला मूल पुस्तक उघडून शोधायला लागलं आणि 'का' ला गप्प बसलं, तर ९८ विसरून जा. ते पुस्तक त्याच्यासाठी सोबत वाचायचं आहे. मराठी वाचनात या गप्पांना मी शब्दांच्या हिशोबापेक्षा जास्त वजन देते.

वेगाबद्दल पालक फार विचारतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट आहे. अंदाजासाठी हे ठीक. घड्याळ लावून रोज वाचायला मात्र लावू नका, मुलं वाक्यं गिळायला शिकतात.

शाळेत बाईंना किंवा गुरुजींना विचारलंत तर ते कदाचित अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा टप्प्यांत सांगतील. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या २००५ पासूनच्या सर्वेक्षणामुळं ही मांडणी सगळीकडं पोहोचली. त्यातली 'गोष्ट' दुसरीच्या पातळीची असते. म्हणजे पाचवीतलं मूल 'गोष्ट वाचतं' असं कळलं, तर ते दुसरीच्या मजकुरापर्यंत नक्की पोहोचलंय एवढंच कळलं. पुढचं तुम्हालाच बघायचं आहे.

पुस्तक हातात आल्यावर

दुकानात किंवा वाचनालयात एवढा वेळ नसतो. तिथं पाच बोटांची युक्ती करा. मूल साधारण १०० शब्दांचं एक पान वाचतं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटतं. पाचही बोटं मिटली तर पुस्तक सध्या एकट्यानं वाचायला अवघड. पानावर ५० च शब्द असतील तर दोन-तीन बोटांतच समजून घ्या. ही युक्ती मुलाला शिकवून टाका. तिसरीपासूनची मुलं स्वतःची पुस्तकं स्वतः पारखायला लागतात आणि त्यांना त्याचा अभिमान वाटतो.

पान उघडताना पहिलंच उघडू नका. पहिलं पान बहुधा सोपं असतं. मधलं एक आणि शेवटाकडचं एक बघा. माझा अनुभवावरचा ठोकताळा असा: वाक्यात सरासरी चार-पाच शब्द आणि ओळीत एखादं जोडाक्षर असेल तर नुकतं वाचायला लागलेल्या मुलाचं पुस्तक, सहा ते नऊ शब्द असतील तर सरावलेल्या मुलाचं, त्यापुढं गेलं आणि 'ज्याने', 'जेव्हा-तेव्हा', 'असल्यामुळे' अशी जोडवाक्यं दाटीनं आली, तर पक्क्या वाचकाचं. अक्षरांचा आकार, ओळींमधली मोकळी जागा आणि शब्द ओळीच्या शेवटी तोडलेत का, हेही बघा. तोडलेला शब्द लहान मुलांना फार त्रास देतो.

पातळी विषयाप्रमाणं बदलते

डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेत केलेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा तो मजकूर चांगला समजून घेत होती.

आपल्याकडं बेसबॉलच्या जागी फुटबॉल ठेवा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची मॅच सुरू झाली की शिवाजी पेठेतला, मंगळवार पेठेतला पोरगा टायब्रेकर, ऑफसाइड, पेनल्टी हे शब्द झोपेतसुद्धा बोलतो. गोष्टीच्या पुस्तकात तिसरीच्या पातळीवर अडलेल्या सातवीतल्या अशा मुलाला स्थानिक वर्तमानपत्रातलं कालच्या मॅचचं वर्णन वाचायला द्या. वाक्यं लांब असतात, छपाई बारीक असते, तरी तो शेवटपर्यंत जातो, कारण कुणी कुणाला पास दिला हे त्यानं स्वतः गॅलरीत बसून बघितलेलं असतं. कुस्तीच्या तालमीत जाणाऱ्या मुलाला डावांची माहिती, घरी जनावरं असलेल्या मुलीला गाई-म्हशींच्या आजारांवरची पुस्तिका, असंच. अशा मजकुरावर त्यांचं वाचन एकदोन पायऱ्या वरचं दिसतं आणि तेही खरंच त्यांचं वाचन असतं.

मोठ्या मुलाला त्याच्या पातळीचं म्हणून बाळबोध चित्रांचं पुस्तक मात्र देऊ नका. त्याला ते चारचौघांत हातात धरवत नाही. चित्रकथा, कोडी, प्राण्यांची आणि यंत्रांची माहिती, छोटी चरित्रं यांत भाषा सोपी आणि विषय वयाला साजेसा मिळतो.

घरात तीन प्रकारची पुस्तकं एकाच वेळी असू द्या

एकट्यानं वाचायचं, सोबत वाचायचं आणि ऐकायचं, अशी तीन. प्राथमिक शाळेतल्या मुलांची ऐकून समजण्याची ताकद वाचून समजण्याच्या पुढं असते. त्यामुळं वाचून दाखवायचं पुस्तक दोन-तीन इयत्ता वरचं असलं तरी चालतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी तर मराठी पुस्तक ऐकणं फारच गरजेचं आहे. ही मुलं घरात फाडफाड मराठी बोलतात म्हणून पालक निर्धास्त असतात, पण पुस्तकी मराठी त्यांच्या कानावर पडलेलीच नसते. त्यांची मराठीची आणि इंग्रजीची पातळी वेगवेगळी तपासा, वेगवेगळी लिहून ठेवा. रात्री जेवणं झाल्यावर आजोबांनी किंवा ताईनं दहा मिनिटं वाचून दाखवलं तरी खूप होतं.

पुस्तकं मिळवण्यासाठी खर्च करायलाच हवा असं नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या शहरात आहे. जवळच्या वाचनालयाचं सभासदत्व घ्या आणि पुस्तक निवडायला मुलाला बरोबर न्या. शाळेतल्या पुस्तकांच्या पेटीची चौकशी करा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत आणि त्यांना चार पातळ्या दिलेल्या आहेत: पहिली २५० शब्दांच्या आतली, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत आणि चौथी त्याहून मोठी. अनुवादित गोष्ट असेल तर मराठी मजकूर एकदा स्वतः वाचून बघा, कारण छोट्या गोष्टीतही जोडाक्षरांची गर्दी असू शकते. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर बघायला मिळतात. एकाच अंकात कविता, कोडी, कथा आणि लेख असल्यामुळं वेगवेगळ्या पातळीची भावंडं एक अंक वाटून घेऊ शकतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्तही आहे आणि चित्रंही उत्तम.

परत कधी तपासायचं?

तीन महिन्यांनी, नव्या उताऱ्यावर. मधल्या काळात मूल तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत असेल तर वाचू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात त्याचा वेग आणि सूर सुधारतो. सोपं पुस्तक निवडलं म्हणून रागावू नका. मोठी माणसंही दमून आल्यावर हलकंफुलकंच वाचतात.

तीन महिने नीट बसणारी पुस्तकं देऊन, रोज थोडं सोबत वाचूनही काहीच हललं नाही, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही हे मुलं कित्येक महिने सांगत नाहीत. ते ठीक असेल आणि तरीही तिसरी-चौथीतलं मूल अक्षरं उलटी वाचत असेल, ओळ सुटत असेल, तोंडी हुशार पण वाचताना अडत असेल, तर वर्गशिक्षकांशी बोला आणि बालरोगतज्ज्ञांना अध्ययन अक्षमतेच्या तपासणीबद्दल विचारा. जाताना तुमचे रेघा मारलेले कागद बरोबर न्या. कोणत्या शब्दाला, कोणत्या अक्षराला मूल अडतंय हे त्यावर तारखेनिशी असतं, आणि तपासणाऱ्याला त्याची फार मदत होते.